अराजकीय रकाना

सोप्यात चटईवर लॅपटॉप मांडून बसले होते. २०२४ ची दिवाळी नुकतीच सरली होती. भाऊबीजेला म्हणून आले, ती सांगलीला परत जायचं टाळत राहिले होते. डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा आणि मोडक्या शंकरपाळ्या उरल्या होत्या. त्या एका हातानं खात, दुसऱ्या हातानं मी एक्सेलच्या ओळी खाली सरकवत होते. बाहेर विधानसभेच्या अर्ज माघारीचा दिवस होता, त्यामुळं पारावर नेहमीपेक्षा जास्त गाड्या उभ्या होत्या. माझ्या पडद्यावर मात्र अजून लोकसभाच चालू होती. एप्रिल महिना, उन्हाळा.

आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, मागं येऊन बसले. अडकित्त्यानं सुपारी कातरत बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो काय, ऊसबिलाचा तक्ता हाय?" मी सांगितलं, आपल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज आहेत. एका ओळीत एक मेसेज. तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा क्रमांक, मजकूर, आणि सगळ्यात शेवटी माझा रकाना: राजकीय, अराजकीय, संदिग्ध. नावं मी काढून टाकली होती. संशोधनाची शिस्त म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला, सदस्य १७, सदस्य ४३. आबांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि दोन मिनिटांत १७ कोण आणि ४३ कोण ते सांगून टाकलं. १७ दरवेळी 'आहे'चं 'आहै' करतो, आणि ४३ ला रात्री दोनला जाग येते. माझी शिस्त तिथंच निकालात निघाली.

मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. २६ एप्रिल, सकाळी ६ वाजून १२ मिनिटं. मळ्यातली एक म्हातारी पहाटे गेल्याचा मेसेज, शेवटी 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली जोडलेल्या हातांच्या ओळीच्या ओळी, दोन पडदे भरून. सगळ्यांपुढं मी एका फटक्यात 'अराजकीय' भरून टाकलं होतं. एक्सेलमध्ये चौकटीचा कोपरा धरून खाली ओढला की झालं.

"ह्ये राजकारण न्हाय म्हंतीस?"

"आबा, माणूस गेलंय. त्यात कसलं आलंय राजकारण?"

अडकित्ता एकदा कट्ट वाजला. "बरं," म्हणाले, आणि उठून गोठ्याकडं गेले.

ते 'बरं' मला रात्रभर पुरलं.

मी सांगलीत एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात, गेली काही वर्षं पीएचडी रेटते आहे. विषयाचं शीर्षक एका श्वासात म्हणता येत नाही. त्याचा मथितार्थ एवढाच, की खेड्यातली माणसं मोबाइलवर राजकारण कसं बोलतात. गाव म्हणून मी आमचंच निवडलं, पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. कारण उघड आहे. परक्या गावच्या ग्रुपमध्ये मला कुणी घेतलं नसतं. १६ मार्चला निवडणूक जाहीर झाली, त्याच्या आदल्या आठवड्यात मी ॲडमिनची परवानगी काढली आणि ग्रुपवर रीतसर लिहिलं, की मी इथल्या चर्चेचा अभ्यास करणार आहे, कुणाचं नाव येणार नाही, कुणाची हरकत असेल तर सांगावी. अंगठे आले. एकानं लिहिलं, 'ताई आमच्या बाजूनं लिवा'. आणि पुढचा आठवडाभर अख्खं गाव प्रमाण भाषेत भांडत होतं. 'आपले म्हणणे तथ्यहीन आहे' असं आमच्या गावात कुणी कुणाला म्हटल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग माझा विसर पडला आणि गाडी मूळ पदावर आली.

अशा अभ्यासात एकट्या माणसाच्या मतावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. तेच मेसेज दुसऱ्या माणसानं, तुमचं न बघता, त्याच नियमांनी लावायचे आणि दोघांची उत्तरं किती जुळतात ते मोजायचं. जेकब कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली त्यासाठी एक आकडा काढून दिलाय, कॅपा म्हणतात त्याला. योगायोगानं जुळलेली उत्तरं वजा करून खरी जुळणी किती, ते तो सांगतो. माझी दुसरी कोडर मिरजेची एक विद्यार्थिनी होती, चुणचुणीत पोर. आमचा कॅपा इतका छान आला, की मार्गदर्शक सरांनी फोनवर 'वा' म्हटलं होतं. सर सहसा 'हं' म्हणतात. भावपूर्ण श्रद्धांजली तिनंही अराजकीयच लावली होती. वाढदिवस, दशक्रिया, पाणी सुटायची वेळ, लाईटचं वेळापत्रक, हरवलेली शेळी, सगळीकडं आमचं एकमत. आता वाटतं, दोघींनी एकाच बाजूनं चुकायचं म्हटलं तर कॅपा चांगलाच येणार.

सकाळी चुलीपुढं आबा चहा बशीत ओतून पीत होते. मी लॅपटॉप तिथंच नेला. काकी म्हणाली, "राखंत नको ठेवू गं ते." मी पाटावर ठेवला आणि आबांना म्हटलं, सांगा आता. त्यांनी घाई केली नाही. बशी संपवली, ओठ पुसले, आणि मला म्हातारीच्या मेसेजची वेळ पुन्हा वाचायला लावली. ६ वाजून १२ मिनिटं. "कुणी टाकला?" सदस्य ८. "आणि तिच्या थोरल्या पोराच्या गटाचा पहिला मेसेज कवा आला?" मी शोधला. ६ वाजून ५० मिनिटं. आबा हसले. म्हातारीचे दोन मुलगे दोन गटांत. थोरला सरपंचांच्या, धाकटा विरोधातल्या. धाकट्याच्या गटानं बातमी आधी टाकली, म्हणजे रात्री उशाशी कोण होतं ते गावाला कळलं. सरपंचांच्या बाजूनं मग अडतीस मिनिटांनी फोटोसकट मोठा मजकूर आला, 'मातृतुल्य' वगैरे शब्द घालून, कारण उशीर भरून काढायचा होता. आणि रक्षाविसर्जनाची वेळ कुणी जाहीर केली? पुन्हा धाकट्याच्या बाजूनं. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला माईक लागतो, हे सांगली-साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. निवडणुकीच्या दिवसांत त्या माईकपुढं कोण आधी उभा राहतो आणि 'पंचक्रोशीच्या वतीनं' कोण बोलतो, ह्यावर सभा कुठली मोठी झाली ते ठरतं. "म्हातारीच्या भावकीत साठ मतं हाईत," आबा म्हणाले. थोडं थांबून पुढं म्हणाले, "बाई लई चांगली होती पण. माझ्या लग्नात पुरणाचा गोळा तिनं वाटला हुता." दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. मला मात्र दुसऱ्या वाक्याला हुंदका आणि पहिल्याला तिरकस हसू अपेक्षित होतं. शिकलेपणाचा हा एक तोटा.

त्यांनी मग जोडलेले हात वाचायला घेतले. म्हणजे खरोखर वाचायला, वरून खाली, बोट ठेवून. कुणी हात जोडले हे बघत नव्हते. कुणी जोडले नाहीत ते हुडकत होते. "२९ दिसत न्हाय." २९ नव्हता. "५१?" तोही नव्हता. "तेच म्हंतो मी."

काय ते त्यांनी सांगितलं नाही.

फोटोंचा प्रश्न आणखी वेगळा होता. ग्रुपवरचे मेसेज बाहेर काढताना मी पहिल्यांदा फोटो वगळून काढले, कारण फाइल हलकी होते. त्यामुळं प्रत्येक फोटोच्या जागी नुसतं 'मीडिया ओमिटेड' असं येतं. माझ्या तक्त्यात अशा ओळी इतक्या होत्या, की कंटाळून मी त्या गाळणीत टाकून लपवूनच ठेवल्या होत्या. आबांना ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जसं काही मी ऊस सोडून पाचट घरी आणलं. "फोटुच टाकून दिलंस?" त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, काच तडकलेला, मागं रबरबँड लावलेला, आणि दोन बॅनर शोधून दाखवले. एक गुढीपाडव्याचा, ९ एप्रिल. दुसरा हनुमान जयंतीचा, २३ एप्रिल. शुभेच्छुक तेच, रंग तेच, खाली ढाल-तलवारीची नक्षी तीच. वरच्या ओळीतल्या गोल चौकटींमधले चेहरे मात्र बदललेले. पाडव्याला जो डावीकडून तिसरा होता तो जयंतीला नव्हता, आणि खालच्या कोपऱ्यातला एक जण वर चढून आला होता. मधे काय झालं होतं? २२ एप्रिलला लोकसभेच्या अर्ज माघारीची मुदत संपली होती. सांगलीची जागा आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाकडं गेलेली, पैलवान मैदानात, आणि वसंतदादांच्या नातवानं अपक्ष अर्ज मागं घेतला नव्हता. त्या एका रात्रीत कितीतरी जणांनी मनात कूस बदलली असणार. तोंडानं कुणी बोललं नाही. बॅनर बोलला. शिवसेना २०२२ च्या जूनमध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ च्या जुलैत. तेव्हापासून बॅनर करणाऱ्या पोरांची पंचाईत मी ऐकून होते. आमच्या गावातला फोटोशॉपवाला तर म्हणतो, "ताई, आधी चेहरे विचारतो, मग देव कुठला ते." पण हे ऐकून मी हसले होते, नोंदवून घेतलं नव्हतं. त्याच्या त्या दोन गोल चौकटी माझ्या तक्त्यात 'मीडिया ओमिटेड, अराजकीय' म्हणून पडल्या होत्या.

निवडणूक आयोगाचे नियम मी वर्गात शिकवते, त्यामुळं ते मला पाठ आहेत. २०१३ च्या ऑक्टोबरात आयोगानं समाजमाध्यमांसाठी पहिल्या सविस्तर सूचना काढल्या. उमेदवारानं अर्जासोबतच्या २६ नंबरच्या प्रतिज्ञापत्रात आपली खाती सांगायची. जाहिरात टाकायची तर एमसीएमसी, म्हणजे माध्यम प्रमाणन आणि देखरेख समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यायची. त्यावरचा खर्च निवडणूक खर्चात धरायचा, लोकसभेला आपल्याकडं ९५ लाखांच्या मर्यादेत. आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२६ वं कलम, मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत प्रचार बंद. त्या कलमात सिनेमा आहे, टीव्ही आहे, 'वा तत्सम साधन' असंही आहे. सगळं ठीक. भोंगा थांबवता येतो, स्टेज उतरवता येतं. ५ मेला, रविवारी, संध्याकाळी सहाला आमच्याकडचे भोंगे खरंच थांबले, आणि गाव इतकं शांत झालं, की लांबच्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू येत होता.

आता माझ्या तक्त्यात त्याच संध्याकाळी सहानंतर काय आहे ते बघा. सदस्य ६२: 'लग्नसराई आहे, आहेराचे पाकीट विसरू नका.' अपक्षाचं चिन्ह लिफाफा होतं. सदस्य ११ नं तळ्यातल्या कमळांचा फोटो टाकला, वर 'निसर्गाची किमया'. आणि ६ वाजून ४० मिनिटांनी कुणीतरी शेतीपंपाच्या लाईटचं वेळापत्रक टाकलं, 'सोमवारपासून आठवडाभर थ्री फेज दिवसा, सकाळी ८.३० ते ४.३०', तर त्याखाली लगेच सदस्य ३५: 'म्हणजे रात्री मशालच पेटवावी लागणार.' तिन्ही बाजू आल्या, आणि कायद्याचा धक्काही कुणाला लागला नाही. मी पाकिटाला 'सामाजिक, विवाह' लावलं होतं. मिरजेच्या पोरीनंही. कमळांना 'निसर्ग'. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात.

तसं म्हटलं तर ह्या ४८ तासांनी मला आधीही एकदा चकवलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरात, १८ तारखेला, साताऱ्यात भर पावसात शरद पवारांचं भाषण झालं. विधानसभेबरोबर साताऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूकही होती. वय ७८, अंगावरून पाणी निथळतंय, आणि लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली अशी कबुली. मी त्या रात्री कराडहून एसटीनं येत होते. माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईनं तो व्हिडिओ बघितला, मागच्यानं बघितला, कंडक्टरनं तिकिटं संपल्यावर दाराशी उभं राहून बघितला. पावसाचा तोच आवाज बसमध्ये तीन ठिकाणांहून येत होता, आणि बाहेरही पाऊसच. दुसऱ्या दिवशी, १९ ला संध्याकाळी, प्रचार थांबला. व्हिडिओ थांबला नाही. २१ ला मतदान झालं, २४ ला उदयनराजे हरले आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. त्या व्हिडिओनं निकाल फिरवला असं अनेकांनी लिहिलं. मीही तेव्हा एका चर्चासत्रात तसंच वाचून दाखवलं. आबांना घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, "पाऊस आमालाबी लागला हुता की. ऑगस्टात." पुढं काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

ऑगस्टातलं मला विचारायची गरजच नव्हती. त्या महापुरात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला ८ तारखेला बोट उलटली, सतरा माणसं गेली. त्या दिवसांत ग्रुपवर दर तासाला एकच मेसेज असायचा, 'आयर्विन' आणि पुढं आकडा. सांगलीच्या माणसाला पुढचं काही लिहावं लागत नाही. इतर वेळी काहीही पुढं ढकलणारं आमचं गाव ह्या एका मेसेजच्या बाबतीत मात्र कधी कुणाच्या शब्दावर विसंबलं नाही. आबा स्वतः घाटावर जाऊन पायरीवर विटेच्या तुकड्यानं खूण करून यायचे, तासाभरानं पुन्हा जायचे. खूण बुडाली की घरी येऊन सांगायचे, आकडा खरा हाय. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे, मेसेज पुढं पाठवण्याआधी तुम्ही खात्री करता का? गावातल्या एका दुकानदारानं त्याला फार सरळ उत्तर दिलं होतं: "ज्यानं पाठवला त्याची खात्री असती की." मी ते तेव्हा अज्ञान म्हणून नोंदवलं. पण पाण्याचा आकडा तपासणारा हाच दुकानदार होता. दुकानातली पोती माळ्यावर चढवायची की नाही ते त्या आकड्यावर ठरणार होतं. कुठला पुढारी काय म्हणाला ह्यावर त्याची एक गोणीही हलणार नव्हती. मग तो मेसेज पाहुण्यानं दिलेल्या पेढ्यासारखा. मोडून कोण बघतं, पुढं वाटायचा.

ह्यात गंमत वाटावी असं सगळंच नाही, हेही मला ठाऊक आहे. २०१८ च्या १ जुलैला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ठेचून मारले गेले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्याकडं एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल असं केलं, आणि २०२० च्या एप्रिलात फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणाची मर्यादा आली. त्यावर आमच्या गावानं काय केलं? मजकूर कॉपी करायला शिकलं. कॉपी केला की पुढं ढकलल्याचा बाणही दिसत नाही, आणि लिहिणारा आपणच ठरतो. २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यात, पुसेसावळीत, सोशल मीडियावरच्या पोस्टवरून रात्री जमाव उठला, एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. ते ठिकाण आमच्यापासून लांब नाही. त्या रात्री आमच्या ॲडमिननं ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' करून टाकला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एकच मेसेज होता, त्याचाच: 'नळाला पाणी उद्या ६ ला.' मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा आहे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी त्याला नंतर विचारलं, घाबरला होतास? म्हणाला, "ताई, ग्रुपात सगळ्या जातीची, सगळ्या धर्माची माणसं हाईत. पाण्याचं टाकलं की सगळ्यांस्नी वाटतं, गाव जागंवर हाय." पाण्याच्या वेळेला मी काय लावलं होतं ते आता पुन्हा सांगत नाही.

साताऱ्याची माझी एक मैत्रीण ह्यावर वेगळं म्हणते. तिच्या मते मी ग्रुपला फार डोक्यावर घेते. तिच्या मतदारसंघात २०२४ ला तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मोबाइलवर किती वेळा फिरलं असेल, आणि तरी नुसत्या पिपाणीच्या चिन्हाला ३७ हजारांवर मतं पडली. उदयनराजेंचं मताधिक्य ३२ हजारांचं. "पडद्यावर सगळं दिसतं गं," ती म्हणते, "मशीनपुढं चष्मा लागतो." तिच्याशी वाद घालत नाही. ती इतिहासाची आहे.

इतिहासावरून आठवलं. आमच्यापासून कुंडल जवळ, म्हणजे प्रतिसरकारचं मूळ घरच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांचे निरोप आमचे आजोबा भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायचे असं घरात सांगतात. खरं किती, वाढीव किती, देव जाणे. आजोबांनी स्वतः कधी सांगितलं नाही. आजीलाही स्वातंत्र्यानंतर कळलं, आणि ती त्याबद्दल शेवटपर्यंत रागावलेली होती. एवढं मात्र तीच सांगायची, की एकदा फौजदार दारात आला आणि काल रात्री कुठं होतास म्हणून दरडावलं, तर आजोबा शांतपणे म्हणाले, "मळ्यात हुतो. पाणी पाजत." त्या काळी मोट होती. अमावास्येच्या रात्री मोट कोण हाकतं, हे विचारायचं फौजदाराला सुचलं नाही. बहुतेक तो शहरातला असावा.

दुपारपर्यंत आबा आणि मी शंभरेक ओळी पुन्हा लावल्या. आबांची माझ्याशी जुळणी इतकी वाईट होती, की आकडा काढायचं धाडस मी केलं नाही. आणि मनात दुसरंच काहीतरी घोळायला लागलं होतं. गावातलं सगळं आबांना वाचता येतं, पण आबा स्वतः? ग्रुपवर ते कधी काही लिहीत नाहीत. रोज पहाटे ५ वाजून ४० मिनिटांच्या आसपास एक गुलाबाचं फूल, खाली 'सुप्रभात'. पाऊस असो, घरात आजारपण असो, गुलाब चुकत नाही. माझ्या तक्त्यात ते सदस्य ३ आहेत. ते सुपारी आणायला उठले, तेव्हा मी गाळणी लावून सदस्य ३ एवढेच ठेवले. एकाखाली एक, सगळे अराजकीय, सगळे मीडिया ओमिटेड. तारखा वाचत खाली गेले. ३ मे, ४ मे, ५ मे. मग एकदम ९ मे. मतदान ७ ला होतं.

न आलेल्या फुलांना ओळ नसते. त्यामुळं त्यांच्यापुढं काय भरायचं हा प्रश्न इतके महिने मला पडलाच नव्हता.

आबा परत आले. मी अगदी सहज वाटेल असं विचारलं, "आबा, मतदानाच्या आसपास तीन दिवस तुमचं सुप्रभात आलं नाही. बरं नव्हतं का?" काकी चुलीपुढून वळली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा तव्याकडं वळली. आबांनी सुपारी अडकित्त्यात धरली.

"मळ्यात हुतो की. पाणी पाजत. लाईट रातची हुती त्या आठवड्यात."

मी मान डोलावली. पडद्यावरची गाळणी काढली, तशा सगळ्या ओळी परत आल्या. ५ मे, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं, सोमवारपासून आठवडाभर थ्री फेज दिवसा. मी लॅपटॉप हळूच माझ्याकडं वळवून घेतला. काकीनं विचारलं, भाकरी वाढू का?